कोतवाल आणि फौजदार

विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’विषयी गेल्या पन्नास वर्षांत जेवढे लिहिले गेले तेवढे मराठीतील फारच थोड्या नाटकांविषयी लिहिले गेले असेल. तथापि त्यांतील बहुतेक लेखनाचा खरा विषय नाना फडणवीस हा आहे. नाना तसे होते की नव्हते, एका जातीची त्यात बदनामी झाली की नाही, हे नाटक परदेशी न्यावे की नेऊ नये, ह्या वादांत कोतवाल मागे पडला. त्याच तेंडुलकरांनी पुढे पटकथा लिहिलेला ‘अर्धसत्य’ हा गोविंद निहलानी यांचा चित्रपट १९८३ साली आला. त्याच्यावरचे लेखन ओम पुरी यांच्या अभिनयाभोवती आणि सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीभोवती फिरत राहिले. ओम पुरींना त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही गौरव झाला; ते सर्व योग्यच होते. परंतु ह्या दोन कृती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. एकाच लेखकाने दहा-अकरा वर्षांच्या अंतराने दोनदा शहराच्या पोलिसाकडे पाहिले. एकदा त्याने खात्याचा शिरोमणी घेतला, दुसऱ्यांदा मधल्या पायरीवरचा एक फौजदार घेतला. दोन्ही वेळा कथेचा कणा एकच निघाला: हुकूम कोण देतो, पाठीशी कोण उभा राहतो, आणि कोठडीत माणूस मेला म्हणजे ह्या दोघांपैकी कोण शिल्लक असतो.

येथे नाटकातील कोतवालीचा जरा सावकाश विचार केला पाहिजे. कोतवाल हे पेशवाईतील काही किरकोळ पद नव्हे. पेठापेठांतल्या चावड्या, रात्रीची गस्त, बाजारातील भाव आणि मापे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, लहानसहान तंटे, हा सगळा कारभार त्याच्याकडे असे. आजच्या भाषेत पोलीस आयुक्त, नगरपालिकेचा अधिकारी आणि कनिष्ठ दंडाधिकारी हे तिघे एकाच पागोट्याखाली. इतिहासातील घाशीराम सावळदास सुमारे चौदा वर्षे ह्या जागेवर होता. ऑगस्ट १७९१ मध्ये कोंडून ठेवलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी कित्येक जण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि घाशीराम जमावाच्या हवाली झाला. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले तेव्हाही तो पुण्याच्या बोलण्यातून गेलेला नव्हता.

तेंडुलकरांनी ह्या ऐतिहासिक सांगाड्यात एक गोष्ट घातली आणि तिने नाटकाचा सारा अर्थ फिरवला. पुण्यात आलेला हा परदेशी ब्राह्मण चोरीच्या खोट्या आळाने शिपायांचा मार खातो, शहराबाहेर हाकलला जातो, सूडाची प्रतिज्ञा करतो, आणि पोटची मुलगी नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. नेमणुकीचा हा करार टीकाकारांनी नीतीच्या अंगाने पुष्कळ तपासला आहे. मला त्यातील प्रशासनाचे अंग अधिक बोलके वाटते. ज्याची नेमणूक अशा व्यवहारातून झाली त्याच्या हातात अधिकार अमर्याद असतो, आणि त्याच्या पायाखाली जमीन मुळीच नसते. घाशीराम परवान्याशिवाय रात्री हिंडणाऱ्याला पकडतो. चोरीचा नुसता आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातांवर तापलेला लोखंडी गोळा ठेववतो. पुणे त्याच्या नावाने कापते. पण ह्या सर्वांत तो नेता नाही. नाना त्याला नेमताना मनाशी हिशेब मांडतात तो एखाद्या मुरब्बी गृहखात्यास शोभेल असा आहे. कोतवालाची पापे कोतवालाच्या खाती जमा होतील, आपलीही काही त्यात मिसळून जातील, आणि लोक ज्याला शिव्या देतील तो आपण नसू. ज्याला हे उमगले आहे तोच त्या शहराच्या पोलिसाचा खरा मुख्य. बाकीचा तो पोशाख.

मग घाशीरामाला आधार कोणाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर नाटकाने शब्दांत दिले नाही, रचनेत दिले आहे. जब्बार पटेल यांनी १९७२ च्या डिसेंबरात हे नाटक रंगमंचावर आणले. रांगेत उभी राहून गाणारी, डोलणारी, पाठ फिरवून भिंत होणारी ती माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते चटकन समजेल. कृष्णदेव मुळगुंद यांनी त्यांना चालवले, भास्कर चंदावरकरांनी त्यांना गळा दिला. ती माणसे कधी भट असतात, कधी बावनखणीचे गिऱ्हाईक असतात, कधी शिपाई, कधी घर, कधी पडदा. नाना आणि गौरी यांच्यामध्ये जे लपवायचे ते तीच लपवतात, आणि शेवटी घाशीरामाला दगड मारणारीही तीच. पोलिसाच्या सत्तेला लागणारा आधार हा असा माणसांचा असतो, आणि तो भिंतीसारखा स्थिर नसून पायांवर उभा असतो, हे तेंडुलकरांनी व पटेलांनी रंगमंचावर उभे करून दाखवले. ह्या भिंतीची आठवण वाचकांनी कृपया ठेवावी. तिचे काम पुढे आहे.

‘अर्धसत्य’मध्ये येईपर्यंत दोनशे वर्षे उलटली आहेत. दरम्यान १८६१ चा पोलीस कायदा झाला, १८६४ साली फ्रँक सूटर मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. कोतवालाच्या पागोट्याखालच्या वस्तू वेगळ्या काढून निरनिराळ्या टेबलांवर ठेवल्या गेल्या. मात्र आयुक्तालयाच्या शहरांत त्यांतल्या काही पुन्हा एकत्र आल्या. जिल्ह्यात दंडाधिकाऱ्याकडे असलेले कित्येक अधिकार तेथे आयुक्ताकडेच असतात. बेळगावसारख्या शहरालाही २०१४ साली असे आयुक्तालय मिळाले, आणि आपल्या शहराचा दर्जा वाढला म्हणून पुष्कळांना बरे वाटले. असो. कायद्याच्या पुस्तकात ह्या यंत्राचे दोन धडे आहेत. पहिला असा की पोलिसावरील देखरेख राज्यसरकारची. दुसरा असा की गुन्ह्याचा तपास ठाण्याच्या अधिकाऱ्याचा. ह्या दोन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ‘अर्धसत्य’चे सारे कथानक घडते.

मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, ‘सूर्य’. पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, आणि चित्रपटाला नाव देणारी कविता दिलीप चित्रे यांची. म्हणजे भाषा हिंदी असली तरी माती मराठीच. अनंत वेलणकर हा मुंबईचा उपनिरीक्षक. आपल्याकडे ह्या हुद्द्याला फौजदार म्हणतात, आणि हा शब्द सरकारी शब्दापेक्षा अधिक अचूक आहे, कारण लोकांच्या दृष्टीने फौज तेथूनच सुरू होते. खात्याच्या शिडीवरचे हे मोठे चमत्कारिक ठिकाण आहे. खाली शिपाई, नाईक, हवालदार. ते रस्ता ओळखतात पण तपास त्यांचा नाही. वर साहाय्यक आयुक्त, उपायुक्त, आयुक्त. त्यांतले कित्येक अखिल भारतीय सेवेतून सरळ वरच्या मजल्यावर उतरलेले. तपासाच्या कागदावर सही करणारा, गुन्हेगाराच्या कॉलरला हात घालणारा आणि उद्या न्यायालयात उलटतपासणीला तोंड देणारा माणूस ह्या दोहोंच्या मध्ये उभा असतो. वेलणकर प्रामाणिक आहे, धाडसी आहे, आणि त्याला आपल्या वर्दीविषयी एक भाबडी निष्ठा आहे. हा भाबडेपणा चित्रपट एकेक पाकळी खुडावी तसा खुडत नेतो.

वस्तीतल्या एका बाईची छेड काढणाऱ्या गुंडांना वेलणकर धरून आणतो आणि झोडपतो. ते आमदाराची माणसे निघतात, आणि आमदार त्याच्या निलंबनाची मागणी करतो. येथे प्रवेश होतो निरीक्षक हैदर अलींचा. शफी इनामदार यांनी ही भूमिका इतक्या शांतपणे केली आहे की तिचे महत्त्व पहिल्या खेपेस ध्यानातच येत नाही. माझ्या मते हा चित्रपट वेलणकराइतकाच हैदर अलीचा आहे. हा वरिष्ठ वाईट मनुष्य नाही. तो भ्रष्ट म्हणावा असे काही दिसत नाही. त्याला हाताखालच्या ह्या तरुणाविषयी खरोखरीच माया आहे. तो त्याला राजकारणाची गणिते समजावतो, निवडणुकीच्या दिवसांत त्या गुंडांचा उपयोग काय ते सांगतो, आणि दिल्लीपर्यंत ओळखी असलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाकडून प्रकरण मिटवून आणतो. वेलणकराची नोकरी वाचते.

‘सांभाळून घेणे’ हा मराठीतील एक अतिशय प्रेमळ शब्दप्रयोग आहे. सासू सुनेला सांभाळून घेते, थोरला धाकट्याला सांभाळून घेतो. फौजदारी न्यायालयात वीस वर्षे वावरल्यावर मी हा शब्द पोलिसांच्या तोंडी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. साहेबांनी सांभाळून घेतले, वर बोलणे झाले, मिटवून टाकले. ह्या क्रियापदांना कर्ता असतो, पण कागदावर त्याचे नाव उमटत नाही. वेलणकराने कायद्याप्रमाणे धरून आणले आणि कायद्याविरुद्ध मारले, ह्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. चांगल्या वरिष्ठाचे काम त्या वेगळ्या करून दाखवण्याचे होते. अटक माझीही आहे, तिच्यामागे मी उभा आहे. मार मात्र तुझा आहे, त्याचा जाब तू दे. असे हैदर अली म्हणता तर वेलणकर कदाचित निलंबित झाला असता, पण माणूस म्हणून उभा राहिला असता. हैदर अलींनी दोन्ही एकाच पुडीत बांधून देसाईंकडे पाठवले. परिणामी वेलणकर दोन्हींतून सुटला, आणि दोन्ही गोष्टी एकाच मोलाच्या आहेत हे शिकून सुटला. पुढे त्याच्या हातून जे घडते त्याची पहिली शिकवणी ही आहे, आणि ती त्याच्यावर प्रेम करणाऱ्याने दिलेली आहे. दुष्ट वरिष्ठाचे चित्र काढणे सोपे असते. तेंडुलकर त्या मोहात पडले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

दुसरा प्रसंग माझ्यासारख्या व्यवसायाच्या माणसाला अधिकच झोंबतो. रामा शेट्टीचा एक माणूस जाळलेल्या अवस्थेत सापडतो आणि मरणाच्या दारात शेट्टीचे नाव घेतो. मृत्युपूर्व जबानीला १८७२ च्या पुरावा कायद्याने केवढे मोल दिले आहे हे वकिलांना सांगावयास नको. २०२४ च्या जुलैपासून तो कायदा जाऊन नवा आला, पण हे तत्त्व गेले नाही. म्हणजे वेलणकर शेट्टीच्या घरी जातो तेव्हा, साऱ्या चित्रपटात हा एकच क्षण असा की कायदा निःसंशय त्याच्या बाजूला उभा आहे. शेट्टी फारसा हलतही नाही. तो दूरध्वनी उचलतो, एका बड्या अधिकाऱ्याशी बोलतो, आणि तोच अधिकारी वेलणकराला परत फिरायला सांगतो. वेलणकर परततो.

त्या तारेवरच्या आवाजाचा कायदेशीर दर्जा काय? त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असे कलम होते की ठाण्याच्या अधिकाऱ्याचे अधिकार त्याच्या वरिष्ठांना आपापल्या हद्दीत वापरता येतात. वरिष्ठाने ‘अटक करू नको’ असे म्हणणे म्हणून आपोआप बेकायदा ठरत नाही. पण ज्याने अधिकार वापरला त्याने तो वापरल्याची खूण ठेवावी, हे त्याच्याबरोबरच येते. ठाण्यात दैनंदिनी असते. तपासाची वेगळी डायरी असते. कोण कधी बाहेर पडला, कोणाला आणले, कोणाचा संदेश आला, हे सारे तीत यावे अशी अपेक्षा असते. त्या संध्याकाळी दैनंदिनीत काय लिहिले गेले असेल? फौजदार वेलणकर चौकशीकामी गेले व परत आले, एवढेच. आवाजाची नोंद नाही. नानांच्या काळी निदान हुकमाचा कागद होत असे; नाटकात घाशीरामाला मारण्याच्या हुकमावर नाना सही करतात. ह्या बाबतीत आपण पेशवाईच्याही मागे गेलो आहोत असे म्हटले तर ते केवळ वकिली वक्रोक्ती समजू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह यांच्या खटल्यात जे आदेश दिले त्यांचा रोख नेमका ह्याच जागेवर होता. ठाण्याच्या अधिकाऱ्यापासून वरपर्यंत किमान दोन वर्षांची मुदत, बदल्या-नेमणुकांसाठी स्वतंत्र मंडळ, तक्रारींसाठी प्राधिकरण, तपास आणि बंदोबस्त यांची विभागणी. त्या आधी १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल देऊन बहुतेक हेच सांगितले होते. तेंडुलकर पटकथा लिहीत होते तेव्हा ते अहवाल सरकारला सादर झालेले होते.

मायकेल लोबोविषयी थोडे बोलावे लागेल, विशेषतः ह्या नियतकालिकात. नसीरुद्दीन शाह यांनी रंगवलेला हा निलंबित, दारूत बुडालेला अधिकारी वेलणकराच्या भविष्याची सावली आहे, आणि त्याचे काही क्षण अंगावर काटा आणतात. पण हिंदी चित्रपटाला बाटली द्यायची झाली की ती लोबोच्या किंवा डिसोझाच्याच हातात का द्यावीशी वाटते? ज्या वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला त्या वर्षी मुंबईचे पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो होते, मूळ गोव्याच्या घराण्यातले. १९८२ पासून १९८५ पर्यंत ते त्या जागेवर होते. तेंडुलकरांसारख्या डोळस लेखकाच्या हातून हा साचा तसाच राहून जावा याचे मला आश्चर्य वाटते. लोबो नावाचा मनुष्य खात्यातून बाहेर फेकला जातो तेव्हा त्याला सांभाळून घेणारा कोणी हैदर अली का मिळाला नाही, हे चित्रपटाने सांगितले असते तर ही सावली अधिक दाट झाली असती.

आता त्या मानवी भिंतीकडे येऊ. ‘अर्धसत्य’मध्ये ती नाही. शिपाई आहेत, पुष्कळ आहेत. ते सलाम ठोकतात, गाडीतून उतरतात, माणसांना आत आणतात, बाहेर नेतात. पण ज्यांच्याशिवाय ठाणे एक दिवस चालणार नाही त्यांच्यापैकी एकालाही ह्या चित्रपटात स्वतःचा प्रश्न नाही. पोलीसदलात दर शंभर माणसांत पंच्याऐंशीच्या आसपास हीच असतात. हातात काठी त्यांच्या, पायांत दुखणे त्यांच्या, बारा-चौदा तासांचा बंदोबस्त त्यांचा, आणि साहेबाच्या बंगल्यावर भाजी आणण्याचे कामही वर्षानुवर्षे त्यांचेच. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात सर्वाआधी शिपायाचा विचार केला होता, तो उगाच नव्हे. आणि चित्रपट येण्याच्या केवळ वर्षभर आधी, १९८२ च्या ऑगस्टात, मुंबईच्या पोलीस शिपायांनी असा उठाव केला की शहरात लष्कर बोलवावे लागले. पंधरा ऑगस्टला काळ्या फिती लागल्या, अठरा तारखेला शहर पेटले, शिपायांची संघटना मोडून काढली गेली, नेत्यांना अटका झाल्या, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. मुंबईच्या पोलीसखात्याविषयी त्या वर्षात काही सांगू पाहणाऱ्या कलाकृतीने ह्याविषयी मौन पाळावे, ही माझ्या दृष्टीने तिची सर्वांत मोठी उणीव आहे.

कोणी म्हणेल की चित्रपट एका माणसाचा आहे, खात्याचा इतिहास नव्हे. हे म्हणणे मान्य करूनही एक अडचण उरते. वेलणकराच्या अंगातली हिंसा कोठून आली ह्याचे उत्तर चित्रपटाने दिले आहे, आणि ते चुकीच्या ठिकाणाहून आणले आहे. गावाकडच्या पोलिसांत आयुष्य काढलेला त्याचा बाप, अमरीश पुरींनी दगडासारखा उभा केलेला, बायकोला मारीत असे. मुलाने ते पाहिले. मुलाला पुढे शिकायचे होते, बापाने त्याला पोलिसांत घातले. ह्यातील प्रत्येक गोष्ट खरी वाटते. पण तिने हिंसा रक्तात आणि घरात नेऊन ठेवली. कोठडीत मार का दिला जातो ह्याचे कारण ठाण्यात पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते: तपासाला माणसे नाहीत, साधने नाहीत, वरून तगादा आहे की गुन्हा उघडकीस आणा, आणि कबुलीजबाब हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यात मारणारा हात बहुधा शिपायाचा, मारण्याचा इशारा फौजदाराचा, आणि न पाहिल्यासारखे करण्याचे काम वरिष्ठांचे. ‘घाशीराम’मध्ये तापलेला गोळा हातांवर ठेवणारे आणि तो ठेवला जाताना पाहणारे दोघेही आपल्याला दिसतात. ‘अर्धसत्य’मध्ये वेलणकर एकटा मारतो. डोंगरात जीव धोक्यात घालून दरोडेखोर पकडल्यावर त्याचे श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळालेले असते, तो प्यायलेला असतो, आणि समोर असतो एक भुरटा चोर. तो प्रसंग पाहवत नाही. अभिनय आणि दिग्दर्शन दोन्ही त्या जागी शिखरावर आहेत. परंतु एकट्याने मारल्यामुळे तो एका दुखावलेल्या माणसाचा अपराध ठरतो. खाते तेवढ्यापुरते सुटते.

त्या चोराचे काय? त्याला आपण क्षणभर पाहतो, मग तो मरतो, आणि त्यानंतर सगळा चित्रपट वेलणकराच्या निलंबनाची काळजी करू लागतो. हैदर अलीही करतात. ह्या खेपेस देसाई उपयोगी पडण्यासारखे नाहीत, आता रामा शेट्टीकडेच जावे लागेल, असे त्यांचे म्हणणे पडते. सांभाळून घेण्याची वाट अखेर येथे येऊन पोचते हे दाखवण्यात तेंडुलकरांची नजर पुन्हा लख्ख झाली आहे. पण मेलेल्याची आई, बायको, भाऊ, कोणीतरी ठाण्याच्या पायरीशी येऊन बसले असेल, ते चित्रपटात येत नाही. १७९१ मध्ये मेलेल्या तैलंगी ब्राह्मणांच्या मागे निदान त्यांची माणसे आणि शहर उभे राहिले. त्यांच्या न्यायाची रीत रानटी होती हे खरे, तरी मेलेले कोण होते हे कोणी विसरले नाही. डी. के. बसू यांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी नातेवाइकाला कळवण्यापासूनचे नियम घालून दिले, २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे बंधनकारक झाले. हे सर्व त्या पायरीशी बसलेल्या माणसासाठी आहे. तो चित्रपटात असता तर ज्योत्स्नेने, म्हणजे स्मिता पाटील यांनी साकारलेल्या त्या प्राध्यापिकेने, पोलिसी मारहाणीला घेतलेला आक्षेप दिवाणखान्यातला वाटला नसता. आज तो तसा वाटतो, आणि दोष अभिनेत्रीचा नाही.

१९७३ च्या ‘जंजीर’पासून हिंदी पडद्यावरच्या पोलिसाला एक सोय झाली आहे: खाते साथ देत नसेल तर त्याने बाहेर पडून स्वतःच निकाल लावावा. त्यात त्याला पाठीराखा मिळतो तोही शेरखान, म्हणजे खात्याबाहेरचा. ‘अर्धसत्य’ ह्या रांगेतला नाही, तो तिच्यावरचा गंभीर आक्षेप आहे, असे मी मानतो. तरीही वेलणकर शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा चित्रपटगृहात टाळ्या पडत, हे अनेकांनी पाहिले आहे. शेट्टीने त्याला मदतीच्या बदल्यात आपल्या पदरी राहण्यास सांगितलेले असते. अपमानाची परिसीमा झालेली असते. टाळी समजण्याजोगी आहे. पण भुरट्या चोराला मारणारे आणि शेट्टीला मारणारे हात एकच आहेत, हे टाळी वाजवताना आठवत नाही. पुण्यातल्या त्या रांगेतली माणसे प्रेक्षागृहात येऊन बसली आहेत असे त्या वेळी वाटते.

त्यानंतर वेलणकर ठाण्यात येतो आणि आपण रामा शेट्टीला मारल्याचे सांगतो. चित्रपट येथे संपतो, आणि कलेच्या दृष्टीने तो येथेच संपावयास हवा होता. वकील मात्र उठून घरी जाऊ शकत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम १८७२ पासून चालत आला आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो तसाच ठेवला आहे. आरोपी स्वतः फिर्याद देण्यास आला तरी तिच्यातील कबुलीचा भाग बाद होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अघनू नागेसिया यांच्या प्रकरणात ठरवून ठेवले आहे. ज्या खात्याच्या कोठडीत वेलणकराने माणूस मारला त्या खात्यावर कायद्याचा एवढाच विश्वास आहे, आणि त्या अविश्वासाचा पहिला लाभ आता वेलणकराला मिळणार. हैदर अलींना गुन्हा नोंदवावा लागेल, पंच बोलवावे लागतील, मग साक्षीदारांचा शोध सुरू होईल. त्या घरात वावरणारी माणसे बोलूनचालून शेट्टीची. त्यांतल्याच कोणाला तरी समोर बसवून, चहा मागवून, हैदर अलींना आपल्या लाडक्या फौजदाराविरुद्ध जबाब लिहून घ्यावा लागेल.